करंट वाध्यार

या माणसाबद्दल लिहायचं तर सुरुवात बाथरूमपासून करावी लागते. त्याला माझा नाइलाज आहे.

नुंगंबाक्कममधला हा फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा बँकेच्या बदलीवर चेन्नईत येऊन मला चार वर्षं झाली होती आणि माझं तमिळ भाजीवाल्याची करमणूक होईल इतपत तयार झालं होतं. गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळी आठला दोन माणसं यायची होती. एक, वॉचमनने ठरवलेला इलेक्ट्रिशियन, कारण बाथरूममधल्या गीझरला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. दुसरे, पूजा सांगणारे गुरुजी. ते तंजावरकडचे मराठी आहेत आणि आपल्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीत भाड्याने राहतात, एवढंच मला कळलं होतं.

पावणेआठला बेल वाजली. दारात सत्तरीच्या आसपासचे एक सडपातळ गृहस्थ उभे. पांढरी वेष्टी, अंगावर उपरणं, कपाळाला गंध, खांद्याला कापडी पिशवी. त्या गंधाकडे बघून कुणालाही उलगडा झाला असता. माझी नजर गेली ती पिशवीकडे. पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि दोन लोंबत्या वायरी बाहेर डोकावत होत्या. माणूस वेळेआधी आला याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं आणि माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं तमिळ गोळा करून म्हणालो, “बाथरूम. गीझर. करंट.” आणि बोट दाखवलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बोटाकडे पाहिलं आणि निमूट आत गेले. खुणेने स्टूल मागितलं, मी दिलं. मेन बंद करायला सांगितला, मी केला. अर्ध्या तासाने गीझरवरून हात फिरवून दाखवला, हातपाय धुतले, उपरणं सारखं केलं, बाहेर आले आणि मराठीत म्हणाले, “सरी, झालें. पूजा कोठे मांडली?”

माझी बायको शुभदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही, आणि तिनेही मला विसरू दिलेला नाही.

मी माफी मागायला तोंड उघडणार तोच गुरुजी म्हणाले, “इतक्या घरीं गृहप्रवेश केले. सर्व यजमान आधी देव्हारा दाखवितात. आधी करंट दाखविणारे तुम्ही पहिले.” त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं होतं की माफी मी गिळून टाकली. पुढे सहा वर्षं ते मला ‘यजमान’च म्हणत आले आणि चारचौघांत माझ्या दूरदृष्टीचा दाखला देत आले. मी एकदाही त्यांना खरं सांगितलं नाही. आयता मिळालेला मोठेपणा परत करण्याइतका मी मोठा कधीच नव्हतो.

त्यांचं नाव सेतुराम राव. पण बिल्डिंगमध्ये आणि आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांना ‘करंट वाध्यार’ म्हणत. वाध्यार म्हणजे पूजापाठ सांगणारे गुरुजी, आणि करंट म्हणजे करंटच. उभा जन्म त्यांनी एका सरकारी कारखान्यात विजेच्या दुरुस्तीचं काम केलं होतं आणि पहाटे उठून वडिलांनी दिलेली संथा सांभाळली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी दुसरं काम सुरू केलं, पहिलं सोडलं मात्र नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, कुंभकोणमला एक भाची. खोलीत एक ट्रंक, एक चटई, देवांचा पाट, आणि देवांच्या शेजारी, त्याच ओळीत, वायर कापायची पक्कड.

त्यांचं मराठी ऐकताना एखादा बखरकार बसमध्ये शेजारी येऊन बसलाय असं वाटे. फक्त बखरकाराला तमिळ हेल. आमच्या घरी ते आले की शुभदा त्यांना मुद्दाम बोलतं करायची आणि मी मधेच पुण्याचं मराठी घालून रंगाचा बेरंग करायचो.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी मीटरच्या बोर्डापाशी जात. तिथे क्षणभर उभे राहत आणि मग हाताची मागची बाजू पत्र्याला हळूच टेकवत. तळहात कधी नाही. तळहात लावला आणि करंट असला तर मुठी आवळल्या जातात, हात सुटत नाही. उलटा हात लावला तर झटका बसून बाजूला फेकला जातो, असं ते सांगत. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की मी तापाने फणफणलो असताना ते बघायला आले, तेव्हा माझ्या कपाळालाही त्यांनी उलटाच हात लावला, आणि हात झटक्याने मागे घेतला. माझा ताप भीतीनेच उतरला.

“होमांतला अग्नी दिसतो,” ते म्हणत. “भिंतींतला दिसत नाही. जो दिसत नाही त्यास आधी नमस्कार.”

या नमस्कारापायी त्यांची किती कामं गेली त्याचा एक नमुना मी डोळ्यांनी पाहिला. टी. नगरात एका साड्यांच्या दुकानदाराच्या नव्या घराची वास्तुशांत होती. “चला यजमान, जेवण उत्तम असतें,” म्हणून ते मलाही घेऊन गेले. घराला लोखंडी गेट, गेटवर, खिडक्यांवर, केळीच्या खुंटांवर रंगीत दिव्यांच्या माळा. गुरुजींनी गेटला उलटा हात लावला, लगेच काढला आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन बसले.

मालक धावत आले. “वाध्यार, मुहूर्त चाललाय.”

“जाऊं द्या,” गुरुजी तमिळमध्ये म्हणाले. “त्याच्या मागून दुसरा येईल. आधी ती माळ उतरवा.”

माळ उतरवणारा माणूस दुसऱ्या साइटवर गेलेला, आणि पाहुण्यांसमोर दिवे विझवायला मालक तयार नव्हते. मालकांनी थोडी विनवणी केली, थोडा आवाज चढवला, मग फोन काढून दुसरे गुरुजी बोलावले. ते स्कूटरवरून वीस मिनिटांत आले आणि कुठेही हात न लावता सरळ आत गेले. तळल्या वड्यांचा वास फुटपाथपर्यंत येत होता. मी दबक्या आवाजात म्हणालो, “गुरुजी, आपण गेटला न शिवता आत गेलो तर?”

त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं. मग उठले, पिशवीतून चिकटपट्टी काढली, गेटपाशी वायरीचा जिथे नुसता पीळ घालून जोड दिला होता तिथे, माळेचा प्लग उपटून, व्यवस्थित गुंडाळली. “दक्षिणा नाही तर नाही,” म्हणाले, “पट्टी आमची होती.” बसमध्ये मला उभंच राहावं लागलं. पोट रिकामं असताना तत्त्वनिष्ठ माणसाच्या शेजारी उभं राहणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

गुरुजींच्या बोलण्यात एक गृहस्थ सारखे येत. ‘आमचा पाद्री.’ आमचा पाद्री असं करी, आमच्या पाद्र्याने तसं लिहून ठेवलंय. मी कित्येक महिने समजत होतो की शहरातल्या कुठल्या तरी चर्चमधले फादर त्यांचे दोस्त आहेत. एकदा मोठ्या आतिथ्याने म्हणालो, “बोलवा की त्यांना एकदा आमच्याकडे जेवायला.”

“अडीचशें वर्षें झालीं त्यांस वारून,” गुरुजी म्हणाले.

हा पाद्री युरोपातला, चेक. अठराव्या शतकात तिकडच्या एका खेड्यात चर्च सांभाळायचा आणि उरलेला वेळ विजेच्या मागे घालवायचा. कारखान्याच्या वाचनालयात पाठ फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक गुरुजींना तरुणपणी सापडलं होतं, त्यात त्याच्यावर चार पानं होती. त्या चार पानांवर गुरुजींनी पुढची पन्नास वर्षं काढली. त्याचं नाव ते घेत, पण त्यांच्या तोंडून ते इतकं तमिळ होऊन बाहेर येई की ते इथे लिहायचं धाडस मी करत नाही.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. दुसरा एक विद्वान पाद्री मोठमोठ्या लोकांसमोर विजेचं यंत्र चालवून ठिणग्या पाडून दाखवत होता. आमचे पाद्री ‘बघूं बघूं’ करत पुढे वाकले की यंत्र मेल्यासारखं गप्प. मागे सरले की पुन्हा ठिणग्या. पुन्हा वाकले, पुन्हा गप्प. “कां? त्या काळीं ते लोक खोट्या केसांचा टोप घालत. आमच्या पाद्र्याने टोपांत लोखंडाच्या बारीक सळया दडविल्या होत्या. त्या गुपचूप करंट पिऊन टाकीत.” हे सांगताना गुरुजी इतके हसत की शेंडीची गाठ सुटे. मग ती बांधता बांधता गंभीर होऊन म्हणत, “मोठमोठ्या विद्वानांस त्याने पत्रें लिहिलीं. उत्तर कोणी दिलें नाही. खेड्यांतला पुजारी, त्यास काय उत्तर द्यावें.”

महालयाच्या अमावास्येला ते गच्चीवर बसून तर्पण करत. एकदा मी वाळत घातलेले कपडे काढायला गेलो होतो. बाप, आजा, पणजा, आई, बायको, गुरू अशी पाण्याची ओंजळ सोडत सोडत ते एका नावापाशी आले आणि ते नाव मला ओळखीचं वाटलं. तेच, तमिळ झालेलं. पुढे ‘काश्यपगोत्र’.

सगळं आटोपल्यावर मी विचारलं, “गुरुजी, तो काश्यपगोत्री कसा?”

“गोत्र ठाऊक नसेल त्यास काश्यप म्हणावें. शास्त्र आहे.”

“पण ख्रिस्ती माणसाला तिळाचं पाणी चालतं का?”

“तिळांस विचारलें,” गुरुजी ताम्हण पुसत म्हणाले. “कांही बोलले नाहीत.”

पाद्र्यासारख्या ठिणग्या आपणही पाडाव्यात ही त्यांची फार दिवसांची हौस. रेशमी सोवळ्यावर प्लास्टिकची पट्टी घासायची, की तिच्यात वीज भरते. पण चेन्नईच्या दमट हवेत वीज भरायच्या आधी घामच भरतो. मग त्यांना एक दिवस सुचलं की कोरडी हवा यजमानांच्या बँकेत फुकट मिळते. दुपारी दोन वाजता सोवळ्याची घडी काखेत मारून ते आमच्या शाखेत हजर. “एसीपाशीं पांच मिनिटें बसतों,” म्हणाले. नाही म्हणायचं मला कधीच जमलं नाही. मोठमोठ्या कर्जदारांनाही मी कधी नाही म्हटलेलं नाही, मग हे तर गुरुजी. ते माझ्या टेबलाजवळ बसून घासू लागले. रांगेतली माणसं आधी वळून बघू लागली, मग रांग मोडून गोळा झाली. मी अधिकाऱ्याच्या रुबाबात काय चाललंय ते बघायला वाकलो आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर ठिणगी पडली. मी जो ओरडलो त्या आवाजाने सिक्युरिटी गार्ड बंदूक सावरत आत आला. आमच्या मॅनेजरबाईंनी नंतर मला केबिनमध्ये बोलावून, मी रजेवर जाऊन विश्रांती घ्यावी असं सुचवलं. गुरुजी मात्र महिनाभर आनंदात होते. “तुमचें नाक, यजमान, उत्तम वाहक आहे,” असं म्हणाले.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर हे लिखाण सगळ्यांना वाचून दाखवता आलं असतं. पण त्यानंतर तो कोरडा उन्हाळा आला.

त्या वर्षी चेन्नईचे तलाव आटले, हे सगळ्या देशाने पेपरात वाचलं. आम्ही ते बादलीत पाहिलं. बोअरवेल घरघर करून बंद पडली. एक दिवसाआड टँकर येई, त्याचं पाणी खालच्या टाकीत पडे, आणि पंपाने वर न चढवता तेच पाणी प्रत्येक घराला मोजून सहा बादल्या मिळे. पंप दिवसातून एकदा दहा मिनिटं चालवायचा, संडासांपुरता. त्या काळात मी बिल्डिंगच्या असोसिएशनचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी कसा झालो? मीटिंग तमिळमध्ये चालली होती, सगळे माझ्याकडे बघून हसले, मीही हसलो.

पंपाच्या खोलीमागे जमिनीत एक फूटभर चौकोनी खड्डा आहे, वर लोखंडी झाकण. बिल्डिंगच्या अर्थिंगचा खड्डा. मोटारीत किंवा वायरीत बिघाड होऊन लोखंडात करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या खड्ड्यातून जमिनीत जावा, म्हणून. पण त्यासाठी खालची माती ओली लागते. कोरडी माती करंट घेत नाही. गुरुजी त्या खड्ड्यात रोज सकाळी एक बादली पाणी ओतत. एरवी कुणाचं लक्षही नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमचे प्रेसिडेंट सौंदरराजन, रिटायर्ड ऑडिटर, यांनी गॅलरीतून ते पाहिलं. माणसं अर्ध्या बादलीत अंघोळ करत असताना वाध्यार टँकरचं पाणी मंत्र म्हणत भोकात ओततोय.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग भरली. गुरुजी मागे खांबापाशी उभे. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी माती, करंट, सगळं नीट समजावलं. तिथे थांबायला हवं होतं. पण ते पाद्र्यावर गेले. त्याने अंगणात उंच खांब उभा केला होता, ढगांतली वीज सावकाश उतरावी म्हणून, आणि त्या वर्षी पाऊस पडला नाही, तेव्हा खांबानेच पाऊस पळवला म्हणून गावकऱ्यांनी तो पाडला, ही गोष्ट त्यांनी सांगितली. “वीज पडली असती तर त्यांस दिसली असती,” ते म्हणाले. “पडली नाही हें कोणास दिसावें?”

“म्हणजे आम्ही अडाणी गावकरी,” सौंदरराजन म्हणाले.

झालं. ठराव असा झाला की टँकरचं पाणी खड्ड्यात ओतायचं नाही. पुन्हा कुणी ओतताना दिसलं तर गुरुजींच्या खोलीचे मालक अमेरिकेत असतात, त्यांना कळवून खोली रिकामी करायला सांगायचं. विरोधात कोण, असं विचारलं. एकही हात वर नाही. माझाही नाही. मी हात मोजत होतो, आणि मोजणाऱ्याने हात वर करावा की नाही याबद्दल नियमात स्पष्टता नव्हती.

गुरुजींनी एवढंच विचारलं, “यजमान, माझ्या वाट्याच्या सहा बादल्या माझ्याच ना?”

“अर्थात,” मी म्हणालो. निदान इतकं तरी बोललो याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुरुजी पंपाच्या खोलीमागे खड्ड्याचं झाकण काढून, शेजारी दगड ठेवून, पंचा नेसून त्यावर बसले होते आणि गंगा-यमुनांना हाका मारत डोक्यावर पाणी घेत होते. अंघोळीचा प्रत्येक थेंब खड्ड्यात जात होता. ठरावात स्नानाबद्दल काही नव्हतं. ठराव मी लिहिला होता.

तक्रारी आल्या. उघड्यावर अंघोळ, बायकामाणसं गॅलरीत येतात, हे काय कुंभकोणमचं तळं आहे का. मला पाठवण्यात आलं. मी गेलो तेव्हा ते अंग पुसत होते.

“गुरुजी, घरात अंघोळ करा ना. लोक रागावलेत.”

“घरांतलें पाणी गटारांत जातें, यजमान.”

“तुम्हाला खोली सोडावी लागेल हो. कुठे जाल?”

“ती भीति मलाही आहे,” ते म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना भीती हा शब्द स्वतःबद्दल वापरताना ऐकलं. “भाचीच्या घरीं तिची सासू आहे, सासरा आहे. मी कोठे मावेन? ह्या वयांत मजला दुसरी खोली कोण देईल? पण ही मल्लिका रोज ओल्या हातांनी त्या पंपाच्या लोखंडी जाळीवर फडकीं वाळत घालते. तिला काय सांगूं?”

मल्लिका आमच्या जिन्यांची झाडलोट करायची. मी वर येऊन शुभदाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी ती एका डब्यात साठवू लागली आणि सकाळी कचरा टाकायला म्हणून खाली घेऊन जाऊ लागली. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सेक्रेटरीला काही गोष्टी अधिकृतपणे ठाऊक नसलेल्या बऱ्या.

आणि मग एका सकाळी, पंप सुरू असताना, पंपाच्या खोलीत मोठा आवाज झाला आणि बिल्डिंगची वीज गेली. मी धावत खाली गेलो. मल्लिका जाळीपाशी हातात ओलं फडकं घेऊन उभी होती, घाबरलेली, पण धडधाकट. “चिमटा काढल्यासारखं झालं, सार,” म्हणाली. अर्ध्या तासाने इलेक्ट्रिशियन आला. मोटार उघडून बघितली, जाळी बघितली, खड्ड्यात हात घालून माती चिवडली आणि उठून मला म्हणाला, “मोटार आतून जळाली, सार. सगळा करंट या जाळीत आला होता. माती ओली आहे म्हणून फ्यूज ताबडतोब उडाला. नाहीतर ही बाई आत्ता इथे उभी नसती.”

तिथे आम्ही तिघंच होतो. तो, मल्लिका आणि मी. मल्लिका पदराने तोंड पुसत कामाला निघून गेली.

बिल्डिंगला त्याचा अर्थ वेगळा लागला. मोटार जळाली, नवी येईपर्यंत चार दिवस संडासांनाही पाणी नाही. आणि मोटार का जळाली? तिच्या मागे रोज एक माणूस बादल्या ओततो, ओल आत गेली, म्हणून. सौंदरराजन यांनी ते इतकं तर्कशुद्ध मांडलं की मला क्षणभर खरंच वाटलं. दुसरी मीटिंग दहा मिनिटांत संपली. इलेक्ट्रिशियन काय म्हणाला ते मी सांगणार होतो. दोनदा घसा खाकरला. पण लोक फार चिडलेले होते, चार दिवसांनी शांत झाले की सांगावं, असा मी विचार केला. अमेरिकेला पाठवायचं पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी पत्र मी बरं लिहितो असं बँकेत म्हणतात. चांगलंच उतरलं असावं, कारण मालकांचं उत्तर ई-मेलने दुसऱ्याच दिवशी आलं. एका महिन्यात खोली रिकामी.

चार दिवसांनी लोक शांत झाले. तोवर पत्र गेलेलं होतं, आणि सांगून उपयोग काय, असा मी विचार केला. विचार करण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

गुरुजी तो महिनाभर मला पूर्वीसारखेच भेटत राहिले. पत्र कुणी लिहिलं ते त्यांना ठाऊक होतं; खाली सही माझीच होती. शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आले, शुभदाच्या हातचं पुरण दोनदा मागून घेतलं, भाचीने वऱ्हांड्यात एक कॉट टाकून द्यायचं कबूल केलंय, असं सांगितलं. “वऱ्हांड्यांत वारा असतो,” म्हणाले. मी म्हणालो, “हो, वारा हवाच.”

गेले त्या दिवशी सकाळी ऑटो आली. ट्रंक मी उचलली. वॉचमन पुढे झाला तर त्याला मी बाजूला केलं. ट्रंक मीच उचलणार, असं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. जड होती. गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन ऑटोत बसले. मी हात जोडून उभा राहिलो. काहीतरी बोलायचं होतं, पण ऑटोवाल्याने किक मारली.

गेटपाशी ऑटो थांबली. गुरुजी उतरले. मला वाटलं, मागे येतायत, काहीतरी म्हणणार. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. मान वर करून गेटवरच्या दिव्याकडे बघत राहिले. दिव्याची वायर सुटून पत्र्याला टेकत होती. त्यांनी वॉचमनला बोलावलं, हाताने काहीतरी समजावलं, पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढून त्याच्या हातात दिलं. पत्र्याला उलटा हात टेकवून बघितला. मग पुन्हा ऑटोत बसले आणि ऑटो रस्त्याला लागून बसेसच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

मी वर आलो. खांदा दुखत होता, पण मनाला थोडं बरं वाटत होतं. ट्रंक मी स्वतः उचलली, वॉचमनला हात लावू दिला नाही, हे शुभदाला सांगितलं. ती भांडी विसळत होती.

“इलेक्ट्रिशियन काय म्हणाला होता, ते सांगितलंत का त्यांना?”

“त्यात काय सांगायचं?” मी म्हणालो. “त्यांना ते आधीपासून ठाऊकच होतं.”

“त्यांना ठाऊक होतं हो,” शुभदा म्हणाली. “तुम्हाला ठाऊक आहे, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?”